कळांची वहिवाट

मनुष्याच्या स्मृतीचीं स्थानें अनेक आहेत. कांहीं गोष्टी मनांत राहतात, कांहीं कागदावर राहतात, आणि कांहीं केवळ हातांत राहतात. जन्मभर मोडी लिहिलेल्या कारकुनास बाळबोध लिहावयास बसविलें, तर अक्षरें ओळखण्यांत त्याची चूक होत नाहीं. परंतु घडोघडी लेखणी उचलावयाची, हें त्याच्या हातास पटत नाहीं. स्वयंपाकघरांतील फडताळ हलविलें म्हणजे घरची बाई आठ दिवस जुन्याच जागीं हात घालीत राहते. हातांत मुरलेली विद्या लवकर विसरत नाहीं, हा तिचा गुण. आणि नवी जागा तिला लवकर मानवत नाहीं, हाच तिचा दोष.

अशाच एका हस्तगत विद्येचा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे. संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या प्रोग्रॅमास ‘एडिटर’ म्हणतात. त्यास आम्ही ‘संपादक’ म्हणूं. मासिकांच्या संपादकांनीं राग मानूं नये. या संपादकांत ईमॅक्स नांवाचा एक वृद्ध आहे. त्याचा जन्म १९७६ सालचा असून तो अद्यापि वापरांत आहे. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, कोणती कळ दाबली असतां काय घडावें, हें त्यांत कायमचें ठरविलेलें नाहीं. तें एका तक्त्यांत नोंदलेलें असतें, आणि तो तक्ता वापरणाऱ्यास हवा तसा बदलतां येतो. या तक्त्यास ‘कीमॅप’ असें नांव आहे. आम्ही ‘कळतक्ता’ म्हणूं. एका तक्त्यांतील कळा दुसऱ्या तक्त्यांत कशा न्याव्या, नक्कल करून कीं वारशानें, हा प्रश्न वरवर पाहणारास अगदीं कारकुनी वाटेल. परंतु हातांत मुरलेली सवय ही कोणाची मालमत्ता, यंत्र घडविणाराची कीं वापरणाराची, हा खरा वाद त्याच्या पोटांत आहे. आणि म्हणूनच तो सुशिक्षित वाचकांपुढें मांडण्यासारखा आहे असें आम्हांस वाटतें.

आरंभ टेको नांवाच्या संपादकापासून करावा लागतो. डॅन मर्फी यांनीं १९६२ च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत तो रचिला. त्या काळीं मजकूर छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवर असे, आणि फीत दुरुस्त करणें हेंच संपादकाचें काम होतें. लिहिणारानें आज्ञांची एक ओळ टंकावी, यंत्रानें ती अमलांत आणावी, आणि परिणाम काय झाला तें मग छापून पाहावें, असा क्रम होता. कळ दाबतांच समोरच्या पडद्यावर मजकूर बदललेला दिसावा ही सोय पुढें आली. त्याच संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत कार्ल मिकेल्सन यांनीं टेकोस अशी एक पद्धति जोडली, आणि ती कंट्रोल-आर या कळेनें सुरू होत असे म्हणून तिचें नांवही तेंच पडलें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धांत ही पद्धति नव्यानें बांधली, आणि तिला एक लहानशी जोड दिली. कोणत्याही कळेस टेकोमध्यें लिहिलेला एखादा प्रोग्रॅम बांधतां यावा, एवढीच ती जोड होती. या एवढ्याशा दारांतून पुढचा सर्व इतिहास आंत आला.

कारण असें कीं, दार उघडतांच प्रत्येकानें आपापला संसार मांडला. प्रयोगशाळेंतील हुशार मंडळींनीं कळांस बांधावयाच्या आज्ञांचे निरनिराळे संच तयार केले. ज्याचा संच त्यास गोड. पण एकाच्या यंत्रापाशीं दुसरा जाऊन बसला कीं त्याचीं बोटें आंधळीं होत. एक जण ज्या कळेनें शब्द पुसी, तीच कळ दुसऱ्याकडे भलतेंच कांहीं करी. स्वातंत्र्याचा अतिरेक झाला म्हणजे शेजारधर्म संपतो, याचें हें उत्तम उदाहरण आहे. १९७६ सालीं गाय स्टील यांनीं हे संच एकत्र आणण्याचें काम अंगावर घेतलें. निरनिराळे संच वापरणारांचीं मतें घेऊन कोणती आज्ञा कोणत्या कळेवर ठेवावी याचा मेळ घालावयाचा, असें तें काम होतें. डेव्हिड मून यांचाही त्यास हातभार लागला, आणि पुढें स्टॉलमन यांनीं तें तडीस नेलें. या एकीकरणाचें नांव ईमॅक्स. ‘संपादनाचे मॅक्रो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप आहे. म्हणजे ईमॅक्सचा जन्मच मुळीं अनेक तक्त्यांतील कळा एका तक्त्यांत आणण्यापासून झाला.

या तक्त्यांतील कळांची निवड पाहण्याजोगी आहे. पुढें जाण्यास इंग्रजींत ‘फॉरवर्ड’ म्हणतात म्हणून कंट्रोल-एफ. मागें येण्यास ‘बॅकवर्ड’ म्हणून कंट्रोल-बी. पुढील ओळीस कंट्रोल-एन, मागील ओळीस कंट्रोल-पी. ओळीच्या आरंभास कंट्रोल-ए, अंतास कंट्रोल-ई. नांवावरून कळ, असा हा संकेत आहे. परंतु कंट्रोल दाबून पाठवितां येणारे संकेत त्या काळच्या सामान्य टर्मिनलवर अवघे ३२ होते, आणि त्यांतही कांहीं अगोदरच गुंतलेले. कंट्रोल-आय आणि टॅब हे यंत्राच्या दृष्टीनें एकच, कंट्रोल-एम आणि रिटर्न हेही एकच. आज्ञा शेंकडों आणि कळा मूठभर, अशी ही ओढाताण. तीवर उपाय असा निघाला कीं, कंट्रोल-एक्स यासारखी एक कळ स्वतः कांहींच करूं नये, तिनें केवळ दुसऱ्या तक्त्याचें दार उघडावें, आणि पुढची कळ त्या तक्त्यांत शोधावी. तक्त्याच्या पोटांत तक्ता, त्याच्याही पोटांत तक्ता, असा हा वाडा वाढत गेला. नवख्या माणसास तो भुलभुलैया वाटतो. जुन्या रहिवाशास मात्र त्यांतून अंधारांतही चालतां येतें.

याच सुमारास कॅलिफोर्नियांत बर्कली येथें दुसरें एक घराणें उदयास येत होतें. बिल जॉय यांनीं १९७६ च्या सुमारास व्हीआय हा संपादक लिहिला. ते ज्या टर्मिनलवर काम करीत, त्या एडीएम-३ए नांवाच्या यंत्राच्या एच, जे, के आणि एल या कळांवर डावा, खालचा, वरचा आणि उजवा असे बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्यें त्याच चार कळांनीं मजकुरांत फिरावयाचें ठरलें. तें टर्मिनल कधींच अडगळींत गेलें. परंतु ज्यांनीं तें डोळ्यांनीं पाहिलेंही नाहीं, अशा लक्षावधि लोकांचीं बोटें आज त्या न दिसणाऱ्या बाणांवर फिरत आहेत. देवळाचा जीर्णोद्धार होऊन शतकें लोटलीं तरी प्रदक्षिणेची वाट तीच राहावी, तसा हा प्रकार आहे.

इकडे ईमॅक्सचेंही तसेंच झालें. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनीं १९७८ सालीं मल्टिक्स या मोठ्या संगणकव्यवस्थेवर लिस्प भाषेंत नवा ईमॅक्स लिहिला. लिस्प यंत्रांवर डॅनियल वाइनरेब यांनीं ‘आइने’ रचिला, आणि त्यांतून पुढें ‘झ्वाय’ निघाला. जर्मन भाषेंत या शब्दांचा अर्थ ‘एक’ आणि ‘दोन’ असा असून, ‘हा ईमॅक्स नव्हे’ व ‘हा पूर्वीं आइने होता’ असे विनोदी अर्थही त्यांच्या आद्याक्षरांत कोंबलेले आहेत. जेम्स गॉस्लिंग यांनीं १९८१ सालीं युनिक्सवर सी भाषेंत आणखी एक ईमॅक्स केला. स्टॉलमन यांनीं १९८४ सालीं जीएनयू ईमॅक्सचें काम हातीं घेतलें आणि १९८५ च्या मार्चांत तो सर्वांस मोकळा केला. आज ज्यास नुसतें ईमॅक्स म्हणतात तो हाच. या सर्वांचे देह निराळे, भाषा निराळ्या, यंत्रें निराळीं. एकाच्या आंतील रचना दुसऱ्यांत जशीच्या तशी चालणें शक्य नव्हतें. तरीही कंट्रोल-एफ दाबली असतां सर्वत्र एकच अक्षर पुढें जावें, हें मात्र प्रत्येकानें पाळलें. यंत्रें पुन्हां घडवितां येतात, शिकलेलीं बोटें पुन्हां घडवितां येत नाहींत, हें त्या सर्वांस ठाऊक होतें.

आतां जीएनयू ईमॅक्सच्या अंतर्रचनेकडे वळूं. येथें एकच तक्ता नाहीं. तक्त्यांची उतरंड आहे. सर्वांत खालीं सार्वत्रिक तक्ता, तो सर्व प्रकारच्या मजकुरास लागू. त्याच्यावर त्या त्या मजकुराच्या प्रकारास अनुसरून असलेला स्थानिक तक्ता. पत्र लिहितांना एक, प्रोग्रॅम लिहितांना दुसरा. त्याच्याही वर, वापरणारानें तात्पुरत्या चालू केलेल्या सोयींचे लहान तक्ते. कळ दाबली कीं शोध वरून खालीं सुरू होतो, आणि जो तक्ता प्रथम उत्तर देईल त्याचें चालतें. गांवची वहिवाट असेल तर ती पाळावी, नसेल तर परगण्याची, तीही नसेल तर मुलखाची, या आपल्याकडील जुन्या न्यायाशीं हें जुळतें. व्याकरणकारांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर सार्वत्रिक तक्ता हा उत्सर्ग आणि स्थानिक तक्ता हा अपवाद. अपवाद उत्सर्गास बाधतो.

परंतु एका स्थानिक तक्त्यांतील सोयी दुसऱ्यांत हव्याशा वाटल्या, तर काय करावें? समजा, एका गृहस्थास साधा गद्य मजकूर लिहिण्याचा प्रकार आवडतो. परंतु पदें उतरवून घेण्यासाठीं त्यांतच चार कळा निराळ्या असलेला नवा प्रकार त्यास करावयाचा आहे. गद्याचा तक्ता तर हवा, पण तो बिघडवितां कामा नये. अशा वेळीं मनांत येणारा पहिला उपाय म्हणजे सरळ नक्कल. ईमॅक्समध्यें ‘कॉपी-कीमॅप’ नांवाची आज्ञाच त्यासाठीं आहे. ती मूळ तक्ता वाचते आणि तशाच नोंदींचा नवा तक्ता हातीं देते. त्यांत चार कळा बदलाव्या कीं झालें.

झालें असें वाटतें खरें. पण दोष पुढें दिसूं लागतो. दोन महिन्यांनीं त्या गृहस्थानें गद्याच्या तक्त्यांत एक नवी सोय घातली. पद्याच्या तक्त्यास तिची वार्ताही नसते, कारण नक्कल ज्या दिवशीं झाली त्याच दिवशीं तिचा मूळाशीं संबंध तुटला. पोथीची प्रत करून घेतल्यानंतर मूळ पोथींत शास्त्रीबोवांनीं शुद्धिपत्र जोडलें, तर प्रतींतील चुका आपोआप सुधारत नाहींत. उलटपक्षीं, नक्कल अर्धवट राहण्याचाही धोका असतो. तक्त्याच्या पोटांतील तक्ता जर प्रत्यक्ष तेथेंच ठेवलेला असेल, तर त्याचीही नक्कल होते; परंतु तो जर केवळ नांवानें निर्दिष्ट केलेला असेल, तर नक्कल त्या नांवाचीच होते, आणि तक्ता मात्र दोघांत सामाईक राहतो. मग नकलेंत केलेला बदल मूळांतही उमटलेला पाहून मालक चकित होतो. वाटणी झाली असें समजून भिंत घालावी आणि विहीर दोघांची निघावी, तसें हें आहे.

या अडचणीवरचा दुसरा उपाय वारशाचा. नव्या तक्त्यास ‘हा तुझा जनक’ असें सांगून मूळ तक्ता दाखवून द्यावयाचा. ‘सेट-कीमॅप-पेरेंट’ हें त्या आज्ञेचें नांव. नव्या तक्त्यांत केवळ बदललेल्या चार कळांची नोंद असते. पांचवी कळ दाबली म्हणजे शोध आपोआप जनकाकडे जातो. मूळांत आज नवी भर पडली, तर ती आजच वारसास मिळते. नक्कल करण्याच्या आज्ञेविषयीं ईमॅक्सच्या अधिकृत दस्तऐवजांतच असें बजावलें आहे कीं, तिची गरज जवळजवळ कधींच पडत नाहीं, वारशाचा मार्ग घ्यावा. एखाद्या आज्ञेच्याच माहितींत ती शक्यतों वापरूं नका असें लिहिलेलें असावें, हें विरळा दिसतें.

आपल्या मीमांसकांनीं याच प्रश्नाचा विचार यज्ञकर्माच्या संबंधानें केव्हांच करून ठेविला आहे, हें आठवून आम्हांस मोठें कौतुक वाटतें. जैमिनीच्या सूत्रांच्या बारा अध्यायांपैकीं सातवा व आठवा हे अतिदेशाविषयीं, नववा ऊहाविषयीं, आणि दहावा बाधाविषयीं आहे. दर्शपूर्णमासासारख्या ज्या कर्माचीं सर्व अंगें वेदांत सांगितलेलीं असतात, ती प्रकृति. आणि जें कर्म थोड्या फरकानें तिच्यासारखेंच करावयाचें, ती विकृति. विकृतीचीं अंगें पुन्हां सांगत बसण्याचें कारण नाहीं. तीं प्रकृतीकडून आपोआप येतात. हा अतिदेश म्हणजेच तक्त्याचा वारसा. विकृतींत जेथें निराळें सांगितलें असेल, तेथें प्रकृतीचें अंग मागें सरतें, तो बाध. आणि प्रकृतींत अग्नीस उद्देशून असलेला मंत्र सूर्यदेवतेच्या विकृतींत म्हणावयाचा झाला, तर अग्नीच्या नांवाच्या जागीं सूर्याचें नांव घालावयाचें, तो ऊह.

ईमॅक्समध्यें हा ऊहही आहे. ‘सब्स्टिट्यूट-की-डेफिनिशन’ ही आज्ञा असें सांगते कीं, अमुक तक्त्यांत ज्या ज्या कळा जुन्या आज्ञेस बांधलेल्या आहेत, त्या त्या कळा आमच्या तक्त्यांत नव्या आज्ञेस बांधाव्या. येथें कळांचीं नांवें सांगावीं लागत नाहींत. अर्थ सांगावा लागतो. ओळ तोडणारी कळ कोणती, हें लिहिणारास ठाऊक नसलें तरी चालतें. ओळ तोडण्याचें काम जी करील ती, एवढें पुरे. तक्त्यांतून तक्त्यांत कळा नेण्याचा हाच खरा समंजस प्रकार होय. मात्र त्यांतही एक उणीव राहिली होती. हा ऊह एकदांच, आज्ञा दिली त्या क्षणीं होतो. वापरणारानें दुसऱ्या दिवशीं ओळ तोडण्याची कळ बदलली, तर कालचा ऊह आज शिळा ठरतो. ही उणीव २००७ सालच्या बाविसाव्या आवृत्तींत आलेल्या ‘रीमॅप’ या सोयीनें भरून निघाली. आतां तक्त्यांत असें लिहून ठेवतां येतें कीं, कळ कोणतीही असो, ती कधींही बदलो, तिचा शोध जर त्या जुन्या आज्ञेपर्यंत पोंचला, तर येथें तिच्याऐवजीं ही नवी आज्ञा चालवावी. नकलेकडून वारशाकडे, वारशाकडून अर्थाकडे, असा हा प्रवास आहे. कळ हें केवळ दार आहे, जावयाचें घरांत आहे, ही ओळख पटावयास बराच काळ लागला.

आतांपर्यंत आम्हीं एका घरांतील व्यवस्थेविषयीं बोललों. परंतु कळांचे खरे तंटे दोन घरांच्या सीमेवर होतात. कंट्रोल-एच ही ईमॅक्समध्यें मदत मागण्याची कळ. परंतु कित्येक टर्मिनलांवर बॅकस्पेस दाबली असतां यंत्राकडे तोच संकेत जाई. परिणाम असा होई कीं, चुकलेलें अक्षर खोडावयास गेलेल्या नवशिक्यापुढें मदतीची सूचना उभी राही. चूक तशीच राही आणि उपदेश मात्र ऐकावा लागे. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू यांची गोष्ट याहून विलक्षण. ईमॅक्समध्यें पहिली मजकूर शोधण्याची कळ. परंतु टर्मिनलांच्या जुन्या संकेतांत पहिलीचा अर्थ ‘पाठविणें थांबवा’ आणि दुसरीचा ‘पुन्हां सुरू करा’. शब्द शोधावयास जावें आणि पडदाच गोठावा. अशा टर्मिनलांसाठीं ईमॅक्समध्यें एक सोय ठेवण्यांत आली. तिनें या दोन कळांचें काम अनुक्रमें कंट्रोल-उलटी-तिरकी-रेघ आणि कंट्रोल-टोपी या चिन्हांच्या कळांकडे सोपविलें. अडचणींत सांपडलेल्या कळेची वहिवाट शेजारणीच्या नांवें करून दिल्याचें हें उदाहरण.

सर्वांत मोठा तंटा मात्र कात्री आणि गोंद यांचा. मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची आजची रीत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत घडविली. ॲपलच्या यंत्रांनीं तिच्यासाठीं झेड, एक्स, सी, व्ही या एका रांगेंतील शेजारशेजारच्या कळा रूढ केल्या, आणि पुढें विंडोजमध्यें त्याच कळा कंट्रोलसह आल्या. आज शाळेंतील मूलही कंट्रोल-सी म्हणजे नक्कल हें जाणतें. परंतु ईमॅक्समध्यें कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी हीं तर दोन मोठ्या वाड्यांचीं महाद्वारें! यावर तोडगा म्हणून ईमॅक्समध्यें सीयूए नांवाची एक सोय आहे. मजकूर निवडलेला नसेल तेव्हां या कळा पूर्ववत् दारें उघडतात. निवडलेला असेल, तर यंत्र एका सेकंदाच्या पांचव्या हिश्शाइतकें थांबून पाहतें. तेवढ्यांत दुसरी कळ आली तर दार, न आली तर कात्री. दोन वहिवाटींचा निवाडा क्षणाच्या अंशावर करणारें असें न्यायासन दुसरीकडे क्वचितच आढळेल.

व्हीआयच्या घराण्यांतून ईमॅक्समध्यें येणाऱ्यांसाठींही व्यवस्था झाली. मासाहिको सातो यांच्या ‘व्हिप’वरून मायकेल किफर यांनीं ‘व्हायपर’ रचिला. त्यानंतर ‘ईव्हिल’ नांवाचा संच आला. यांत व्हीआयच्या प्रत्येक अवस्थेसाठीं निराळा तक्ता असून ते तक्ते ईमॅक्सच्या नेहमींच्या तक्त्यांच्या वर बसतात. प्रतिस्पर्ध्याच्या घरीं पाहुण्यास स्वतःच्या चुलीवर रांधूं द्यावें, असा हा उदारपणा होय. ईमॅक्सच्या कळाही बाहेर पडल्या. १९८९ सालच्या बॅश या युनिक्सच्या आज्ञापालकांत, आणि ॲपलच्या आजच्या संगणकांवरील पत्रें वगैरे लिहिण्याच्या साध्या चौकटींतही कंट्रोल-ए आणि कंट्रोल-ई यांनीं ओळीच्या आरंभास व अंतास जातां येतें. ज्यांनीं ईमॅक्सचें नांवही ऐकलें नाहीं, त्यांच्या हाताखालीं १९७६ चा तो मेळ अजून चालू आहे.

या सर्व देवघेवींत वापरणाराचा हक्क कोठें राहिला? त्याचें उत्तर ईमॅक्सच्या एका लहानशा नियमांत आहे. कंट्रोल-सी आणि त्यानंतर एखादें अक्षर, या कळा वापरणाराच्या स्वतःसाठीं राखून ठेवलेल्या आहेत. कोणत्याही प्रोग्रॅमकर्त्यानें त्यांस हात लावूं नये असा दंडक आहे. एफ-५ पासून एफ-९ पर्यंतच्या कळांचेंही तसेंच. गांवांत कितीही इनामें दिलीं तरी परसवांत कोणी नांगर घालीत नाहीं, तशी ही राखीव जागा. यंत्राच्या आंत याचा कडक पहारा कांहीं नाहीं. केवळ सभ्यतेनें हा नियम पाळला जातो. परंतु जो संकेत कायद्यावांचून पाळला जातो, तोच खरा संस्कृतीचा भाग, असें आम्ही समजतों.

आतां हा प्रश्न आमच्या दाराशीं कसा येतो तें पाहूं. १९९७ च्या विसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्यें केन्'इचि हांदा आदि जपानी संशोधकांच्या परिश्रमानें जगांतील अनेक लिप्यांची सोय आली, आणि देवनागरी लिहिण्याच्याही पद्धति पुढें उपलब्ध झाल्या. त्यांपैकीं इनस्क्रिप्ट हा भारत सरकारनें १९८६ नंतर प्रमाण ठरविलेला कळफलक. त्याची कल्पना मोठी मार्मिक आहे. ज्या कळेवर देवनागरींत ‘क’ आहे, त्याच कळेवर गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळ या लिप्यांतीलही ‘क’ आहे. वर्णमालेचा क्रम सर्वांचा एक, म्हणून एका लिपीचा तक्ता शिकलेला हात दुसऱ्या लिपींत परका होत नाहीं. तक्त्यांतून तक्त्यांत कळा नेण्याचा हा आपल्या देशांतील सर्वांत मोठा प्रयोग म्हणावयास हरकत नाहीं. आणि तोही कळेचें नांव न पाहतां तिचा अर्थ पाहून केलेला. नागरी टंकयंत्रावर रेमिंग्टन पद्धतीनें शिकलेले कित्येक टंकलेखक मात्र संगणकावरही आपली जुनीच मांडणी मागतात, आणि ती मिळतेही. त्यांच्या हट्टास आम्ही हसणार नाहीं. त्यांनीं आपले हात अर्ध्या आयुष्याच्या मोलानें घडविले आहेत.

परंतु देवनागरी लिहितांना आज्ञांच्या कळांचें काय होतें? संगणकाचा सबंध कळफलकच इनस्क्रिप्टवर वळविला, तर इंग्रजी एक्सच्या जागीं अनुस्वार येतो आणि एफच्या जागीं ऱ्हस्व वेलांटी. मग कंट्रोल-एक्स दाबावयास जावें, तर ईमॅक्सपर्यंत ‘कंट्रोल-अनुस्वार’ पोंचण्याचा संभव असतो, आणि असल्या कळेची नोंद कोणत्याही तक्त्यांत नसते. रशियन लिहिणारे लोक या त्रासाशीं फार दिवसांपासून झगडत आले आहेत. एक तोड अशी कीं, परभाषेची प्रत्येक कळ तिच्या जागच्या इंग्रजी कळेकडे वळविणारा एक अनुवादाचा तक्ता मध्यें घालावा. याहून सरळ तोड म्हणजे ईमॅक्सची स्वतःची लेखनपद्धति वापरावी. ती कंट्रोल-उलटी-तिरकी-रेघ या कळेनें चालू व बंद होते, साध्या अक्षरांपुरतीच देवनागरी देते, आणि आज्ञांच्या कळांस स्पर्श करीत नाहीं. चौकस वाचकाच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, जुन्या टर्मिनलांसाठीं कंट्रोल-एसची वहिवाट याच कळेच्या नांवें करून दिली होती. एकाच जागेवर दोन सनदा निघाव्या, हें इतिहासांत नवें नाहीं. सुदैवानें त्या दोघांची गांठ आतां क्वचितच पडते.

या इतिहासाचें तात्पर्य काय? यंत्र घडविणारांस नेहमीं असें वाटतें कीं, आपली नवी मांडणी जुनीपेक्षां शहाणपणाची आहे. आणि पुष्कळदां ती तशी असतेही. परंतु जुनी मांडणी ज्याच्या हातांत मुरली आहे, त्याच्या दृष्टीनें ती केवळ मांडणी राहत नाहीं. तिच्यावर त्याची वहिवाट लागलेली असते. पन्नास वर्षें टिकलेल्या या संपादकानें नवें बंद केलें नाहीं आणि जुनें मोडलें नाहीं. त्यानें प्रत्येकास आपला तक्ता आपल्याबरोबर नेण्याची मुभा दिली. ती मुभा पुरती उपयोगांत आणावयाची तर नेतांना विवेक मात्र हवा. जें आंधळेपणानें उतरवून घेतलें, तें त्याच दिवसापासून शिळें होऊं लागतें. जें मूळाशीं संबंध राखून घेतलें, तें मूळाबरोबर वाढतें. आणि ज्याचा अर्थ ओळखून घेतला, तें मूळ बदललें तरी उपयोगीं पडतें. कळतक्त्यांविषयीं हें सांगावयास आम्हीं लेखणी धरिली. परंतु वाडवडिलांकडून आलेल्या चालीरीतींचा, भाषेचा आणि विद्येचाही हाच न्याय आहे, असें जर कोणा वाचकास वाटलें, तर आम्ही त्यास नाहीं म्हणणार नाहीं.